कोटेशन लिहिताना आकड्याआधी कामाची हद्द लिहा

ठाणे आणि नवी मुंबईत घरदुरुस्तीची कितीतरी कामे आजही व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीवर ठरतात. ‘टू बीएचके रंगकाम, मटेरियलसह, ४५ हजार’ अशी ती ओळ असते. लिहिणाऱ्याच्या मनात भिंती आणि छत असते. वाचणाऱ्याच्या मनात त्यासोबत खिडक्यांचे ग्रील, दारांचा ऑइल पेंट, माळ्याची आतली बाजू आणि बाल्कनीतला काळा पडलेला कोपराही असतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि तरीही आठव्या दिवशी बाचाबाची होते, कारण काम कुठे संपते हे कोणीच लिहिलेले नसते. ठाण्यात दुरुस्तीची कामे घेताना माझे जे पैसे गेले, त्यांपैकी फार थोडे दर चुकल्यामुळे गेले. बाकीचे सारे हद्द न लिहिल्यामुळे गेले. म्हणून रंगारी, गवंडी, प्लंबर, वायरमन आणि सुतार यांच्यासाठी लिहिलेल्या या मार्गदर्शनात दर किती लावावा यापेक्षा कागदावर काय उतरवावे, यावर अधिक भर आहे.

पाहणी

फोटो पाहून कोटेशन देऊ नये. फोटोत भिंतीचा रंग दिसतो, गिलाव्याचा पोकळपणा दिसत नाही; तो भिंतीवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकल्यावर आवाजावरून कळतो. ओलीचा डाग दिसला की तो कोणत्या भिंतीवर आहे, त्यामागे न्हाणीघर आहे की बाहेरची भिंत, आणि तो पावसाळ्यातच वाढतो की बारा महिने तसाच राहतो, हे घरच्यांना विचारून लगेच टिपून ठेवावे. बारा महिने असणारी ओल बहुधा नळाची किंवा वरच्या घरातील न्हाणीघराची असते, आणि ती थांबल्याशिवाय खालून कितीही चांगली पुट्टी भरली तरी पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात. हे ग्राहकाला तोंडी सांगितलेले पुरत नाही. ‘वरच्या सदनिकेतील गळती थांबेपर्यंत या भिंतीच्या रंगाची हमी नाही’ हे वाक्य कोटेशनमध्येच हवे.

घराइतकीच सोसायटीही पाहावी लागते. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरील एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, ५ बाय ८ फुटांच्या न्हाणीघराच्या टाइल्स बदलण्याचे काम मी घेतले. टाइल्स, सिमेंट, वाळू, मजुरी असे सगळे नीट धरले होते. तोडफोड सुरू झाल्यावर कळले की सामानासाठीची लिफ्ट दिवसातून दोनच तास मिळणार, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवायची, रविवारी काम नाही आणि डेब्रिज त्याच दिवशी आवाराबाहेर गेलेच पाहिजे. एवढ्याशा न्हाणीघरातून साठ-सत्तर गोणी डेब्रिज निघते, कारण भिंतीच्या टाइल्ससोबत मागचा मसाला आणि जमिनीखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबाही निघतो. दहा दिवसांचे काम सतरा दिवसांवर गेले आणि त्या वाढीव सात दिवसांची मजुरी मी खिशातून भरली. ग्राहकाने एक रुपयाही बुडवला नाही. त्याने ठरल्याप्रमाणे सगळे दिले. चूक माझ्या कागदाची होती.

तेव्हापासून मी घरात शिरण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात दहा मिनिटे बसतो आणि कामाच्या वेळा, लिफ्ट, अनामत रक्कम, कामगारांचे पास, टेम्पो कुठे उभा करायचा आणि डेब्रिज कुठे ठेवायचे, हे विचारून घेतो. अनामत रक्कम घरमालकाने भरायची की आपण, हेही तिथेच स्पष्ट होते. डेब्रिजची वाहतूक हा स्वतंत्र खर्च धरावा आणि तो कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवावा. खाडीकिनारी किंवा खारफुटीत राबीट टाकणाऱ्या स्वस्त टेम्पोवाल्याच्या भरवशावर ती ओळ कमी करू नये. नवी मुंबई महानगरपालिकेचे डेब्रिजविरोधी पथक गाडी पकडते, आणि दंडाच्या वेळी त्या गोणी कोणाच्या कामाच्या आहेत, हा प्रश्न आपल्यापर्यंत येतो.

मोजमाप

रंगाऱ्यांमध्ये एक सोपा हिशेब रूढ आहे: घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या साडेतीन पट म्हणजे रंगवायचे क्षेत्रफळ. हा हिशेब मोठ्या खोल्यांना बऱ्यापैकी जुळतो आणि लहान खोल्यांना दगा देतो. १६ बाय १२ फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींची एकूण लांबी ५६ फूट, म्हणून भिंती ५३२ चौरस फूट आणि छत १९२ चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडकीचे २० चौरस फूट वजा केले की ६८३ चौरस फूट उरतात. १९२ च्या साडेतीन पट ६७२ होतात, म्हणजे फरक किरकोळ आहे. आता १० बाय १२ फुटांची खोली घ्या. भिंतींची लांबी ४४ फूट, भिंती ४१८ चौरस फूट, छत १२०, वजावट तीच ४१. उरतात ४९७ चौरस फूट. साडेतीन पटीने मात्र ४२० च येतात. एका खोलीत ७७ चौरस फूट रंग, पुट्टी आणि मजुरी फुकट गेली. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतींमधील किंवा कळव्याच्या लहान खोल्यांच्या घरांमध्ये असा हिशेब करणाऱ्याला शेवटच्या डब्याचे पैसे नेहमी कमी का पडतात, त्याचे उत्तर इथे आहे.

खिडक्या-दारांच्या वजावटीवरूनही वाद होतात. भारतीय मानक ब्युरोची मोजमापासाठी आयएस १२०० ही मानकमाला आहे. तिच्यानुसार गिलाव्याच्या मोजणीत अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागा वजा करत नाहीत, आणि त्याहून मोठ्यांना वेगळे नियम आहेत. घरगुती कामात तेवढ्या खोलात कोणी जात नाही, पण आपली पद्धत कोणती हे एका वाक्यात लिहिणे अवघड नाही: ‘दारे-खिडक्यांची पूर्ण वजावट केली आहे’ किंवा ‘वजावट केलेली नाही, म्हणून खिडक्यांच्या कडांचे वेगळे पैसे नाहीत’. खोलीवार मोजमापाचा तक्ता कोटेशनच्या मागे जोडावा. ग्राहक तो क्वचितच तपासतो, पण तो आहे हे पाहून दर कमी करण्याची भाषा बरीच सौम्य होते, असा माझा अनुभव आहे.

टाइल्स मोजताना तुटफुटीसाठी सरळ बसवणीत ५ ते १० टक्के आणि तिरप्या बसवणीत त्याहून जास्त माल धरावा लागतो. ग्राहक स्वतः टाइल्स आणणार असेल तर किती खोके आणायचे हे आपणच लिहून द्यावे, नाहीतर शेवटच्या रांगेला चार टाइल्स कमी पडतात आणि दुकानात तोपर्यंत वेगळ्या छटेचा माल आलेला असतो. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची टाइल्सची पट्टी, रनिंग फुटात (नुसत्या लांबीवर), जमीन चौरस फुटात आणि न्हाणीघराचा उंबरा नगावर, असे प्रत्येकाचे एकक वेगळे ठेवावे.

एकेक बाब अशी लिहावी की दुसऱ्याही कारागिराला ती कळेल

बाब नीट लिहिली आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. आपण आजारी पडलो आणि आपल्याच कोटेशनवरून दुसऱ्या माणसाला काम करावे लागले, तर त्याला फोन करावा लागेल का? ‘प्लास्टिक पेंट, चांगल्या कंपनीचा’ या शब्दांवरून त्याला काहीच कळणार नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘बेडरूम (१० × १२ फूट): सुटलेले पापुद्रे खरवडणे, बारीक भेगा भरणे, पुट्टीचे दोन हात, घासकाम, प्रायमरचा एक हात आणि ग्राहकाने निवडलेल्या इमल्शनचे दोन हात. कंपनी व उत्पादनाचे नाव डब्यावर असते तसे. क्षेत्रफळ ४९७ चौरस फूट, प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे. फर्निचर हलवणे व झाकणे समाविष्ट. पोकळ गिलावा काढून नवीन करणे समाविष्ट नाही. लागल्यास प्रति चौरस फूट वेगळा दर, खाली दिल्याप्रमाणे.’

वायरमनच्या कोटेशनमध्ये ‘पॉइंट’ हा सगळ्यात धोक्याचा शब्द आहे. एका पॉइंटमध्ये स्विच, बॉक्स, पट्टी आणि वायर येते की फक्त मजुरी, भिंतीला झिरी मारून ती बुजवणे येते की नाही, आणि डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, किती अंतरापर्यंतची वायर धरली आहे, हे लिहिले नाही तर दोन कोटेशनांची तुलनाच होऊ शकत नाही. वायर कोणती हेही लिहावे: दिव्या-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपियरच्या सॉकेटसाठी २.५, एसीसाठी ४, आयएस ६९४ ची खूण असलेली. वायर महाग असल्यामुळे स्वस्त कोटेशनवाला हमखास इथेच हात मारतो, आणि ते भिंतीच्या आत गेल्यावर कोणाला दिसत नाही. म्हणून आपण जाड वायर वापरणार असू तर ती दिसेल अशा ठळक अक्षरांत लिहिण्यात आपलाच फायदा आहे.

सुताराने प्लायची नुसती जाडी लिहून भागत नाही. एमआर प्रतीचा, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय पाण्यात टिकत नाही. स्वयंपाकघरातील सिंकखाली आयएस ७१० चा, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात तो, लागतो, आणि बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज नसते. कुठे कोणता वापरणार हे वेगवेगळे लिहिले की एकूण रक्कमही वाजवी राहते. कपाटाचे मोजमाप दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर केले असेल तर आतले ड्रॉवर, चॅनेल आणि बिजागऱ्या त्यात आहेत की नाहीत, हे सांगावे. प्लंबरने पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन चाचणी घेणार असल्याचे आणि ती ग्राहकासमोर होणार असल्याचे लिहावे. पुढे गळती निघाली तर निदान ती कोणाच्या सांध्यातून आहे, यावर वाद होत नाही.

जे दिसत नाही त्याचा दर

छताचे वॉटरप्रूफिंग, भिंतीतली गळती, जुन्या इमारतीतला सडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, अशा कामांत उघडून पाहिल्याशिवाय खरे काम कळत नाही. तिथे एकरकमी आकडा देणे म्हणजे स्वतःच्या पैशांनी जुगार खेळणे आहे. अशा वेळी कोटेशनचे दोन टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यात तोडून तपासण्याचे ठरावीक पैसे घ्यावेत आणि काय सापडले ते फोटोसह कळवावे. दुसऱ्या टप्प्याचा आकडा त्यानंतर द्यावा, किंवा आधीच ‘प्रति रनिंग फूट इतके’ असा दर लिहून ठेवावा. बरेच ग्राहक सुरुवातीला कुरकुर करतात, ‘दादा, एकच फिगर सांगा ना’ म्हणतात, पण दोन टप्पे का केले हे समजावल्यावर त्यांना ते पटते.

वॉटरप्रूफिंगची हमी हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त झालेला शब्द आहे. दहा वर्षांची हमी लिहिणारा कारागीर तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाही, हे आता ग्राहकालाही ठाऊक आहे. आपण जेवढी निभावू तेवढीच लिहावी, पण तपशिलात लिहावी: काम झाल्यावर ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतली जाईल, पुढच्या दोन पावसाळ्यांत त्याच जागेतून गळती झाल्यास मजुरी व साहित्य विनामूल्य, मात्र नंतर कोणी त्या जागी डिशची पट्टी किंवा सोलरचे पाय ठोकण्यासाठी भोक पाडल्यास हमी संपेल.

आकडा बांधणे

खर्च आधी आणि नफा नंतर, या क्रमाने आकडा बांधावा. साहित्य, कामगारांची मजुरी, टेम्पो, डेब्रिज आणि हत्यारांची झीज हे सगळे धरतात. आपली स्वतःची हजेरी मात्र पुष्कळजण विसरतात. पाहणीला गेलेला अर्धा दिवस, दुकानाच्या खेपा आणि देखरेख यांचे पैसे नफ्यातून काढायचे नसतात. ते खर्चातच मोडतात.

समजा खर्च ४०,००० रुपये आला आणि आपण त्यावर २० टक्के चढवून ४८,००० चे कोटेशन दिले. ग्राहकाने १० टक्के कमी करायला सांगितले आणि आपण मान्य केले, तर ४८,००० मधून ४,८०० गेले आणि ८,००० च्या नफ्यातले ३,२०० उरले. म्हणजे १० टक्के सूट देताना नफ्याचा ६० टक्के भाग दिला. बिलाच्या २० टक्के नफा हवा असेल तर ४०,००० च्या खर्चावर ५०,००० लावावे लागतात, ४८,००० नव्हे. घासाघीस होणारच, तेव्हा दर न तोडता काम कमी करून दाखवावे: माळ्याची आतली बाजू सोडली तर इतके कमी, ग्रील तुम्ही नंतर करून घेतले तर इतके कमी. आधीच फुगवून मग सूट देणारे पुष्कळ आहेत. मला ती पद्धत आवडत नाही, कारण ग्राहक दुसऱ्या कामाला बोलावतो तेव्हा तो आपला पहिला आकडा खरा मानत नाही.

जीएसटी

नोंदणी नसलेल्या कारागिराला ग्राहकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही. तसे कोटेशन लिहिणे बेकायदेशीर आहे. सेवेसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो: मटेरियलसह घेतलेले घरदुरुस्तीचे काम कायद्याच्या दृष्टीने वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सेवाच आहे, आणि त्यामुळे उलाढालीत नुसती मजुरी धरून चालत नाही, संपूर्ण बिल धरावे लागते. ४५ हजारांची ४५ कामे वर्षभरात झाली की ती मर्यादा ओलांडली जाते. नोंदणी असेल तर १८ टक्के कर वेगळ्या ओळीत आणि जीएसटी क्रमांकासह दाखवावा. कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सवलतीच्या कर योजनेत, असल्यास कर वेगळा घेता येत नाही. नोंदणी नसेल तर रंग-सिमेंटवर दुकानात भरलेला कर आपल्या खर्चातच जातो, तो दर बांधताना धरावा.

सोसायटीचे काम असेल तर आणखी एक गोष्ट. एका कामाचे पैसे ३०,००० रुपयांपेक्षा किंवा वर्षातील सगळ्या कामांचे मिळून १ लाखापेक्षा जास्त झाले, तर गृहनिर्माण सोसायटी वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापते, आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. म्हणून पॅन क्रमांक कोटेशनवरच असावा.

पैसे कधी, आणि आकडा किती दिवस

‘निम्मे आधी, निम्मे नंतर’ हे सोपे वाटते, पण त्यात शेवटी निम्मी रक्कम ग्राहकाच्या हातात अडकते. हप्ते डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यांना बांधावेत: साहित्य आणण्यापूर्वी ४० टक्के, पुट्टी-घासकाम झाल्यावर ३०, पहिला हात झाल्यावर २०, आणि किरकोळ दुरुस्त्या पूर्ण झाल्यावर १०. शेवटचा हप्ता आपल्या नफ्यापेक्षा मोठा ठेवू नये, म्हणजे तो अडकला तरी घरचे पैसे जात नाहीत. पण तो असावा जरूर, कारण कारागीर शेवटच्या दिवशी परत येईल ही ग्राहकाची खात्री त्यावर टिकते.

कोटेशनवर तारीख आणि मुदत हवीच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६ नुसार प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप रद्द होतो. तांब्याचा भाव हलता असल्यामुळे वायरिंगच्या कामाला मी १५ दिवसच लिहितो, रंगकामाला ३०. मुदत लिहिली नाही तर मार्चमध्ये दिलेला आकडा ग्राहक ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, काढून दाखवतो, तेव्हा बाजारात मजूर मिळत नसतो. वेळापत्रकातही हे ऋतू धरावेत. मुंबई परिसरात मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, म्हणून गच्चीचे आणि बाहेरच्या भिंतीचे काम मेअखेर संपेल असेच घ्यावे. मे महिन्यात उत्तरेकडचे आणि गणपतीत कोकणातले कारागीर गावी जातात, हेही दिवस मोजताना विसरू नये. ‘सोसायटीने काम थांबवल्यास किंवा ग्राहकाकडून टाइल्स यायला उशीर झाल्यास तेवढे दिवस वाढतील’ हे वाक्य घालावे.

मधेच वाढलेले काम

काम चालू असताना घरातल्या काकू येतात आणि म्हणतात, ‘एवढी ही एक भिंत तेवढी करून टाका.’ नाही म्हणवत नाही, आणि पैसे मागायला संकोच वाटतो. त्यावर उपाय कोटेशनमध्येच करून ठेवावा: वाढीव कामाचे दर शेवटी वेगळे छापावेत आणि वाढीव काम व्हॉट्सॲपवर रक्कम कळवून, होकार आल्यावरच सुरू होईल, असे लिहावे. मग जागेवर कोणाशी वाद घालावा लागत नाही. ‘काकू, करतो, दादांना मेसेज टाकलाय’ एवढे म्हटले की पुरते. होकाराचा संदेश बिल मिळेपर्यंत पुसू नये.

पाठवताना

पाहणीनंतर तीन दिवसांत, पीडीएफ करून, क्रमांक आणि सहीसह कोटेशन पाठवावे. लांबी दोन पानांपेक्षा जास्त नको. मोजमापाचा तक्ता वेगळा. ‘समाविष्ट नाही’ हा भाग बारीक अक्षरांत तळाला ढकलू नये, एकूण रकमेच्या लगेच खाली ठेवावा. वायरमनने परवाना क्रमांक लिहावा. आठवड्याने एकदाच फोन करून काही शंका आहे का विचारावे; रोज विचारणाऱ्याला काम मिळाले तरी दर पडलेला असतो.

काम मिळो वा न मिळो, कोटेशनची प्रत ठेवावी. मिळालेल्या कामांत प्रत्यक्ष किती गोणी, किती डबे आणि किती हजेऱ्या लागल्या, हे त्याच प्रतीवर पेनाने लिहून ठेवावे. माझ्याकडे अशा प्रतींची एक फाइल आहे, आणि चौदाव्या मजल्यावरच्या त्या न्हाणीघराची प्रत तिच्यात सगळ्यात वर लावलेली आहे.